कपाट कोणी लावलं?

(तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, थोडी काटछाट केलीय, बोलणं आहे तसंच ठेवलंय.)

मंडळी, मला विषय दिला होता 'नवीन तंत्रज्ञान : फायदे आणि तोटे'. हा दहावीच्या निबंधाचा विषय झाला, तो मी दहावीत लिहिलाय आणि दहापैकी साडेपाच मार्क पडले होते, त्यामुळे परत नको. मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे आणि ती म्हणजे फुकट. मोठ्या टेक कंपन्या आपल्याला फुकट काय देतात, कधी देतात आणि आपण ते कसं घेतो. सुरुवात करतो गणेशपासून.

गणेश कोण, तर २८ डिसेंबर २०१५ ला टाइम्स ऑफ इंडियात फेसबुकच्या मार्क झुकरबर्गनं एक लेख लिहिला होता, त्या लेखात हा गणेश आहे. महाराष्ट्रातला शेतकरी, एवढीच ओळख. आडनाव नाही, गाव नाही, तालुका तर नाहीच. हा गणेश म्हणे फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' वापरायला लागला, पावसाळ्याच्या तयारीला हवामान बघतो, मालाचे भाव बघतो, त्यामुळे सौदा चांगला जमतो, आता नवीन पिकं घेतोय, जनावरं घेतोय. आणि मग मार्कभाऊ विचारतात की गणेशची शेती सुधारली तर त्यात इंटरनेटचं काय बिघडलं?

मी तेव्हा हे वाचून जाम हसलो होतो. म्हणजे बाजारभाव आपल्याकडे रेडिओवर लागायचे, आमचे आजोबा ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकायचे, आणि भाव कळला म्हणून व्यापारी भाव देतो असं ज्याला वाटतं त्यानं एकदा मार्केट यार्डात लिलावाला उभं राहून बघावं. पण ते सोडा.

फ्री बेसिक्स होतं काय, तर आधी त्याचं नाव होतं इंटरनेट डॉट ऑर्ग. फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर भारतात आलं, महाराष्ट्रासकट सहा राज्यांत, मराठीतसुद्धा होतं. रिलायन्सचं सिम टाकायचं आणि तीसेक साइट फुकट बघायच्या. फेसबुक अर्थातच त्यात. यूट्यूब नाही, कारण व्हिडिओच चालायचा नाही. कुठली साइट आत घ्यायची त्याचे नियम फेसबुकनं केलेले आणि सगळी ये-जा फेसबुकच्या सर्व्हरमधून. बाकीचं इंटरनेट पाहिजे असेल तर पैसे टाका.

आता त्या लेखातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य, आणि ते इथं सांगायलाच पाहिजे कारण आपण बसलोय ग्रंथालयात. झुकरबर्ग म्हणतो, समाजात काही गोष्टी फुकट असतात, उदाहरणार्थ ग्रंथालयं. ग्रंथालयात जगातलं प्रत्येक पुस्तक नसतं, तरी लोकांचं किती भलं होतं! तसंच आमचं फ्री बेसिक्स.

ऐकायला एकदम पटतं हो. मलाही दोन मिनिटं पटलं होतं. पण आता आपलंच ग्रंथालय घ्या. 'ब' वर्गाचं, सरकारी अनुदानावर आणि तुमच्या वर्गणीवर चालतं. पुस्तकं कोण निवडतं? समिती. समितीशी भांडता येतं, दर वर्षी वार्षिक सभेत भांडणं होतातच, मागच्या वर्षी कादंबऱ्या जास्त आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं कमी म्हणून केवढा दंगा झाला तो तुम्ही बघितलाय. आता समजा उद्या एका प्रकाशकानं येऊन सांगितलं, मी तुम्हाला कपाट फुकट देतो, पुस्तकं फुकट देतो, फक्त कपाटात काय लागणार ते मी ठरवणार, माझी पुस्तकं समोरच्या फळीवर राहणार, आणि कोण कुठलं पुस्तक काढतं आणि कितव्या पानावर थांबतं त्याची वही माझ्याकडे राहणार. तर आपले ग्रंथपाल काका काय म्हणतील? (काका मान हलवतायत बघा.)

तर त्या वेळी आपण, म्हणजे भारतातल्या नेटवरच्या लोकांनी, हे विचारलं होतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये ट्रायला दहा लाखांच्या वर ईमेल गेले. ट्राय म्हणजे ते टेलिकॉमचं नियामक प्राधिकरण, ज्याचं नाव आपण एरवी फक्त केबलच्या बिलावरून शिव्या घालताना घेतो. मग फेसबुकनं पण जोर लावला. पानभर जाहिराती, रस्त्यावर होर्डिंगं, आणि फेसबुक उघडलं की मेसेज यायचा, फ्री बेसिक्सला पाठिंबा द्या, हे बटण दाबा, ट्रायला आपोआप ईमेल जाईल. लाखो लोकांनी दाबलं. ट्रायनं प्रश्न विचारले होते वेगळेच आणि या छापील ईमेलमध्ये त्यांची उत्तरंच नव्हती, म्हणजे पेपरात प्रश्न आलाय पाणीपट्टीवर आणि पोरगं 'माझी आई' लिहून आलंय. ट्रायनं फेसबुकला पत्र लिहून झापलं की सल्लामसलतीचं तुम्ही ओपिनियन पोल करून टाकलंत. सरकारी पत्रात एवढी चव क्वचित असते.

आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं नियम काढला. कुठली साइट बघता त्यावरून डेटाचा दर वेगळा लावायचा नाही, फुकट पण नाही आणि महाग पण नाही. मोडलं तर दिवसाला ५०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. दंड तसा काहीच नाही, पण तीन दिवसांत फेसबुकनं भारतातलं फ्री बेसिक्स गुंडाळलं. फेसबुकच्या संचालक मंडळावरचा मार्क अँड्रीसन ट्विटरवर लिहून बसला की वसाहतवादाला विरोध करून भारतीयांचं आर्थिक वाटोळंच झालंय, आता कशाला थांबता. दुसऱ्या दिवशी माफी मागितली. पण तोंडातून गेलं ते गेलं.

पुढची गंमत बघा. ज्या कंपनीच्या सिमवर फ्री बेसिक्स होतं ती होती धाकट्या अंबानींची. ५ सप्टेंबर २०१६ ला थोरल्यांनी जिओ आणलं आणि डिसेंबरपर्यंत सगळं फुकट, मग ते वाढवून मार्च २०१७ पर्यंत. सगळं म्हणजे सगळं इंटरनेट, तीस साइट नाही. आधार कार्ड घेऊन लोक रांगेत उभे होते, आमच्या कॉलनीतल्या एका बाईंनी तीन सिमं घेतली होती, एक देवघरात ठेवलं होतं, का ते विचारू नका. धाकट्यांची कंपनी २०१७ संपेपर्यंत कॉल सेवा बंद करून बसली होती. आणि एप्रिल २०२० मध्ये तेच फेसबुक जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के हिस्सा घेतं, ४३,५७४ कोटी रुपये देऊन. जुलैत गूगल येतं, ३३,७३७ कोटी, ७.७३ टक्के. समोरचं दार लागलं तर माणूस परसातल्या दारानं येतो, आणि इथं तर रीतसर पाहुणा म्हणून आला.

हे सगळं इतिहास म्हणून सांगत नाहीये. आता परत तेच चाललंय आणि या वेळी कोणी हूं की चूं केलं नाही, म्हणून सांगतोय.

२०२५ च्या जुलैमध्ये एअरटेलनं सांगितलं की आमच्या ३६ कोटी ग्राहकांना परप्लेक्सिटी प्रो, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहून देणारं एआय, वर्षभर फुकट, किंमत म्हणे १७,००० रुपये. ३० ऑक्टोबरला जिओनं गूगलचं तसंच एआय, जेमिनी प्रो, अठरा महिने फुकट जाहीर केलं, किंमत ३५,१०० रुपये, सुरुवातीला १८ ते २५ वयाच्या पोरांना. हे वय बघा बरं का, सवय लागायचं वय आहे. पाच दिवसांनी, ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीनं त्यांचा चॅटजीपीटी गो हा प्लॅन वर्षभर फुकट केला, जो एरवी महिन्याला ३९९ रुपयांना होता. माझ्या भाच्याकडे तिन्ही आहेत. मी म्हटलं तीन कशाला रे, तर म्हणाला मामा, फुकटच आहे ना. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं तत्त्व आहे ते, फुकट ते पौष्टिक.

कायद्यानं बघाल तर यात ट्रायचा नियम मोडत नाही, कारण तो नियम डेटाच्या दरावर आहे, सबस्क्रिप्शन फुकट वाटण्यावर नाही. आणि डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला मुदत किती दिली? अठरा महिने. जेमिनीची ऑफर किती, तर अठरा महिने. योगायोग असेल, मी काही म्हणत नाही.

कोणी म्हणेल, अहो फुकट देतायत तर द्या की, त्यांचा पैसा आहे, बुडाला तर त्यांचा बुडेल. पण हे पैसे दानधर्मात जात नाहीत. अमेरिकेत गूगलवर खटला चालला, ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहतांनी निकाल दिला की सर्चमध्ये गूगलनं बेकायदा मक्तेदारी टिकवली. त्या खटल्यात बाहेर आलं की २०२१ या एका वर्षात गूगलनं २,६०० कोटी डॉलरच्या वर पैसे मोजले होते, कशासाठी, तर फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये गूगलचं सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी एकट्या ॲपलला २,००० कोटी डॉलर. लोक सेटिंग बदलत नाहीत, एवढ्या एका गोष्टीची ही किंमत आहे! आपल्या घरात टीव्ही ज्या चॅनलवर उघडतो तेच दहा मिनिटं बघितलं जातं ना, तसं.

पण मला जास्त काळजी वाटते ती वेगळीच. फ्री बेसिक्समध्ये कपाट दिसत तरी होतं. तीस साइट आहेत, ही नाही, ती नाही, कळायचं, म्हणून तर भांडता आलं. आता कपाटच दिसत नाही. तुम्ही विचारता आणि समोरून थेट उत्तर येतं.

माझा चुलतभाऊ कांदा करतो, नाशिककडे. मागच्या हिवाळ्यात गेलो होतो, तर तो बांधावर उभा राहून फोनशी बोलत होता, टाइप वगैरे काही नाही, सरळ तोंडानं, "कांद्यावर करपा आलाय, पातीला जांभळे डाग पडलेत, काय फवारू". आणि फोननं एकदम शुद्ध मराठीत सांगितलं, मॅन्कोझेब, दहा लिटर पाण्याला पंचवीस ग्रॅम, सोबत स्टिकर (औषध पातीला चिकटून राहावं म्हणून घालतात ते) घाला, संध्याकाळी फवारा. मी बघतच राहिलो. आपल्या भाषेत, चिखलात उभ्या माणसाला, चार सेकंदात. झुकरबर्गच्या लेखातल्या गणेशला हे मिळालं नव्हतं, हे मान्य करायला पाहिजे, मी काही या फोनला नावं ठेवायला आलो नाही.

मी त्याला म्हटलं, हे कुठून सांगतोय तो, विद्यापीठाची शिफारस आहे का कोणाची, विचार की. तर म्हणाला, दादा, कृषी केंद्रवाल्याला विचारतो का मी, तू कुठून सांगतोस म्हणून?

बिनतोड आहे. मला तिथं काही बोलता आलं नाही, घरी येताना एसटीत सुचलं, नेहमीसारखं. कृषी केंद्रवाल्याचं असं आहे की त्याचा स्वार्थ आख्ख्या गावाला माहीत असतो. कुठल्या कंपनीचं मार्जिन जास्त, कुठल्या कंपनीनं त्याला बँकॉकची ट्रिप दिली, सगळं. तो एक औषध सांगतो तेव्हा शेतकरी मनातल्या मनात त्यातून थोडं वजा करून ऐकतो. फोनमधून किती वजा करायचं? जानेवारी २०२६ मध्ये ओपनएआयनं जाहीर केलं की अमेरिकेत चॅटजीपीटीच्या फुकट आणि 'गो' या प्लॅनमध्ये जाहिराती दाखवून बघणार. गो म्हणजे तेच, जे आपल्याला वर्षभर फुकट दिलंय. त्यांचं म्हणणं आहे की जाहिरात उत्तराच्या खाली वेगळी दिसेल आणि उत्तरावर परिणाम होणार नाही. असेलही. सर्चमध्येही जाहिराती सुरुवातीला बाजूला, वेगळ्या दिसायच्या. आता वरच्या चार लिंकमधली जाहिरात कुठली हे ओळखायला चष्मा लावावा लागतो, आणि माझी आई ती न ओळखताच दाबते.

(या ठिकाणी सभागृहातून प्रश्न आला : मग घ्यायचं का नाही घ्यायचं, ते सांगा.)

घ्या की! मीही घेतलंय. फक्त घेताना ऑटोपेला, म्हणजे मुदत संपली की खात्यातून आपोआप पैसे कापायला, हो म्हटलंत का ते बघा, म्हटलं असेल तर मुदत संपायच्या आठ दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, फोनमधल्या नाही, भिंतीवरच्या, दूध-पेपरच्या हिशेबाच्या शेजारी. आणि औषध, पैसा, कोर्टकचेरी यातलं काही विचारलंत तर दुसऱ्या एका माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नका. बाकी कविता, लग्नपत्रिकेचा मजकूर, साहेबाला रजेचा अर्ज, खुशाल लिहून घ्या.

आणि त्या चुलतभावाचं राहिलंच. करपा आटोक्यात आला, माल निघाला, उन्हाळ्यात कांदाचाळीत भरला. मे महिन्यात मला फोन केला, म्हणाला, दादा, त्याला विचारलं, आत्ता विकू का दिवाळीपर्यंत ठेवू. मी म्हटलं, मग, काय म्हणाला? तर म्हणे भलंमोठं उत्तर दिलं, निर्यात, आवक, साठवणुकीतली घट, सगळं, आणि शेवटी म्हणाला बाजाराची परिस्थिती बघून निर्णय घ्या. "एवढं तर आमचा म्हातारा पण सांगतो, आणि त्याला रिचार्ज लागत नाही."