वाचनालयाची किल्ली
(गावोगावच्या ग्रामविकास मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. तुमच्यातले बरेच जण आपापल्या गावात वाचनालय, सभागृह बांधायच्या खटपटीत आहेत. काहींचा चौथरा झालाय. चिऱ्याचा आणि पत्र्याचा भाव तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा बांधकामावर मी बोलत नाही. आमच्या मंडळाला जे उशिरा कळलं, तेवढं सांगतो.

आमच्या मंडळाचा जन्म लालबागच्या एका चाळीतला, गावकीच्या खोलीतला. गिरणीतली माणसं तिथं पाळीनं झोपायची. एकाची पथारी गुंडाळली की दुसऱ्याची पडायची. दरमहा वर्गणी निघायची, आणि बैठकीत हिशेबाची वही पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायची, अशी रीत होती. त्या पैशातून गावात विहीर झाली, शाळेला खोली झाली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वर्गणी आटली. माणसं गावाला परतली. माझे वडील त्यांतलेच. येताना त्यांनी ती वही आणली होती.

आता जागेचं. देवळाच्या आवारात आम्हाला जागा फुकट मिळत होती. मानकऱ्यांनी ती मनापासून देऊ केली होती, हेही सांगितलं पाहिजे. सभेत बौद्धवाडीतल्या एका ताईंनी विचारलं, "आमची पोरं तिथं वाचायला येतील. पण शिमग्यात पालखी बाहेर पडली की त्यांनी कुठं उभं राहायचं, ते कोण ठरवणार?" सभा गप्प झाली. मी चिटणीस होतो, मलाही उत्तर देता आलं नाही. पुढच्या सभेत ठरलं की जागा एसटीच्या थांब्याजवळ घ्यायची, जिथं कुठल्याही वाडीतला माणूस कुणाला न विचारता येऊन बसतो. या निर्णयापायी आमची तीन वर्षं गेली. तरी आजही वाटतं, मंडळानं केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

तीन वर्षं का गेली? सातबारा. जमीन द्यायला एक काका तयार होते, पण उताऱ्यावर नाव त्यांच्या आजोबांचं. वारस तपास लावला, तर कोण विरारला, कोण बडोद्याला, कुणाचा पत्ताच नाही. कोकणात हे घरोघरी आहे. मग आम्ही गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी आले की घरोघर फिरायचो. आरती झाली, प्रसाद हातात पडला, की कागद काढायचा. एक गृहस्थ सही करेनात. त्यांना भीती ही, की उद्या मंडळवालेच जमीन विकून मोकळे होतील. त्यांच्यासमोर बसून आम्ही 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम 36 वाचलं. संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि सही केली. तेव्हा तोंडी शब्दावर कुदळ मारू नका. बक्षीसपत्र करा, दोन साक्षीदार घ्या, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

मंडळाची नोंदणी तुम्ही केली असेलच. किमान सात सभासद लागतात, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली एक नोंद, 1950 च्या विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली दुसरी. पण पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो राहतो. वारलेले अध्यक्ष कागदावर वर्षानुवर्षं तसेच असतात, आणि बँकेत सही बदलायची वेळ आली की धावपळ होते.

इमारत झाली, उद्घाटन झालं, आणि दाराला कुलूप लागलं. खरंच लागलं. किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्षांचं घर वरच्या वाडीत, आणि पावसाळ्यात मधला वहाळ भरला की इकडे यायला वाट नाही. पोरं यायची, ओट्यावर बसून परत जायची. दुसऱ्या पावसाळ्यात कपाटं उघडली तर खालच्या फळीवरची पुस्तकं वाळवीनं खाल्लेली. लोकांनी मुंबईहून पिशव्या भरभरून आणलेली पुस्तकं होती ती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मार्ग बचत गटाच्या बायकांनी काढला. त्यांना बैठकीला जागा हवी होती. त्या म्हणाल्या, एक किल्ली आम्हाला द्या, रोज संध्याकाळी दार आम्ही उघडतो. आज तीन किल्ल्या तीन वाड्यांत आहेत. आठवड्याची पाळी ठरलेली आहे, आणि ज्या वाडीची पाळी, झाडलोटही तिची. कपाटं भिंतीपासून हातभर पुढं ओढली. मिरगाच्या आधी पत्र्याचे हूक तपासायचे, हे वहीत लिहूनच ठेवलंय.

पैशाचं विचाराल, तर 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळाली की अनुदान मिळतं. सुरुवात 'ड' वर्गापासून होते. ते हप्त्यांनी येतं आणि उशिराही येतं, म्हणून विजेचं बिल त्याच्या भरवशावर ठेवू नका. आमचं बिल भांड्यांवर निघतं. टोप, पराती, सतरंज्या घेऊन ठेवल्यात. बारसं असो, बाराव्याचं जेवण असो, भांडी आमच्याकडूनच जातात. भाडं सगळ्या वाड्यांना एकच. एका मोठ्या घराला सवलत द्यावी असा आग्रह झाला होता, तेव्हा सभेनं नाही म्हटलं. त्यांनीही पूर्ण भाडं भरलं.

वाचनालय सांभाळणारी मुलगी गावातलीच आहे. तिला मानधन देतो, ते कमी आहे. यंदाच्या गणपतीतल्या सभेत पहिला विषय तोच आहे.

वही मी बरोबर आणली आहे. लालबागची जुनी आणि आताची, दोन्ही. चहाच्या वेळी ज्यांना पाहायची त्यांनी पाहा. खाडाखोड आहे, पण प्रत्येक खाडाखोडीवर सही आहे.