कागद तेच, निकाल वेगळा

नमस्कार श्रोतेहो. फाशीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "अजून लटकवलं कसं नाही?" कोर्टाच्या दिरंगाईची चीड मलाही येते. पण आज ज्या खटल्याबद्दल बोलणार आहे, त्यात उशीर झाला म्हणूनच सहा माणसं जिवंत राहिली.

जून 2003. नाशिकजवळ रात्री एका कुटुंबाच्या झोपडीत दरोडेखोर शिरले. पाच खून, बलात्कार. वाचले ते फक्त आई आणि एक मुलगा. पोलिसांनी भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे सहा जण पकडले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर सरकार अपिलात गेलं आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अठराचाही नव्हता. हे ठरायला 2012 साल उजाडलं.

पुढे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ठरवलं, की फाशीच्या कैद्याची फेरविचार याचिका बंद दालनात नाही, खुल्या कोर्टात ऐकायची. त्या आधारावर हे प्रकरण परत उघडलं. 5 मार्च 2019 रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडलं.

नवा पुरावा काय मिळाला? काहीच नाही! वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांकडच्या फोटोंतून चार जण ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते, पोलिसांच्या दप्तरी नोंद असलेले सराईत होते. हे सगळं पहिल्यापासून कागदोपत्री होतं. तीन न्यायालयांच्या टेबलांवरून ती फाइल गेली, कोणी थांबलं नाही.

न्यायालयाने प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई आणि दोषी पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. तुरुंगातली जवळजवळ सोळा वर्षं धरली, तर दिवसाला साधारण 85 रुपये पडतात.

आणि ज्या घरातली पाच माणसं गेली, त्यांचं काय? आईने बोट दाखवलेल्या त्या चौघांचा माग 2003 मध्येच काढायला हवा होता. सोळा वर्षांनी तो कुठून काढायचा?