पेरा दाट झाला तर

श्रोतेहो, राम राम.

मध्यंतरी परभणीजवळच्या एका गावातून 48 वर्षांच्या एक बाई माझ्याकडं आल्या. सोबत जाऊबाई आणि लेक. जाऊबाई सांगत होत्या, "डॉक्टर, तीस वर्षं भाकरी थापल्यात हिनं. आता परातीत पीठ घेती, आधणाचं पाणी ओतती, अन् तिथंच थांबती. पुढचं सुचतच नाही." गावात कुणी भानामती म्हणालं, कुणी चळ. मी माहेरचं विचारलं. वडिलांना पन्नाशीतच घर ओळखू येईना, आणि चुलते डोक्यातली नस फुटून गेलेले.

ही दोन उत्तरं मला एकाच घराची वाटली. 21व्या गुणसूत्रावर एपीपी नावाचं जनुक असतं. एक प्रत आईची, एक वडिलांची. काही घराण्यांत तेवढा तुकडा दुबार होतो आणि प्रती तीन होतात. बियाणं खोटं नसतं, पेरा दाट होतो. प्रथिन जास्त तयार होतं, त्याचे अमिलॉइड नावाचे तुकडे मेंदूत साचतात, आणि अल्झायमर, म्हणजे हळूहळू सगळं विसरत जाण्याचा आजार, ऐन कर्तेपणात गाठतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही ते साचतात. त्या ठिसूळ होऊन फुटू शकतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2006 साली पाच कुटुंबांत हे दाखवून दिलं. डाऊन सिंड्रोम या जन्मजात अवस्थेत तर हे 21वं सबंध गुणसूत्रच तिसरं असतं. अशा माणसांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत हाच साठा दिसतो.

आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न झालेलं असलं की लोक त्यावरच बोट ठेवतात. इथं त्याचा संबंध नाही. आईबापांपैकी एकाकडून आलेली दुबार प्रत पुरते, आणि ती लेकराकडं जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी.

हा प्रकार फार दुर्मीळ आहे. विसरायला लागलेल्या माणसाचं आधी थायरॉइड, बी-12 बघा. ते औषधानं सुधारतं. घराण्यात असे दोन-तीन जण असतील तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडं जा, आणि नस फुटून गेलेल्यांचंही सांगा. जनुकाची फक्त अक्षरं वाचणाऱ्या चाचणीत दुबार प्रत निसटू शकते. प्रती मोजणारी चाचणी वेगळी असते, ती विचारून घ्या.

बाईंच्या तपासण्या अजून चालू आहेत. त्यांची 22 वर्षांची लेक दारातून परत फिरली. म्हणाली, "माझंबी रक्त घ्या." मी घेतलं नाही. आधी आईचा अहवाल येऊ दे म्हणालो, मग समुपदेशकाशी बोल, आणि तेव्हाही कळून घ्यावं वाटलं तरच ये. ती बराच वेळ आईच्या पदराचा काठ धरून उभी होती.