घोडा बघून संच घ्या

(सावंतवाडीत पालक आणि बुद्धिबळप्रेमींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि आपल्याकडेही बुद्धिबळाच्या वर्गांना गर्दी होऊ लागली. मुलांच्या मागून पालक येतात. त्यांचा पहिला प्रश्न खेळाबद्दल नसतो. 'सर, जन्मभर टिकेल असा एखादा लाकडी संच सुचवा ना,' एवढंच त्यांना हवं असतं. आज त्याच विषयावर बोलणार आहे, पण कोकणात राहणाऱ्या माणसाच्या नजरेने. कारण अमृतसरच्या कोरड्या हिवाळ्यात सुबक दिसणारी सोंगटी आपल्या श्रावणात कशी वागेल, हे दुकानदार सांगत नाही.

अमृतसरचं नाव मुद्दाम घेतलं. भारतात बनणाऱ्या चांगल्या लाकडी सोंगट्यांपैकी बऱ्याचशा तिथूनच येतात आणि जगभर विकल्या जातात. सोंगट्यांचा आकार मात्र इंग्लंडचा. १८४९ साली नॅथॅनिएल कुकच्या नावाने तो नोंदला गेला, जॅक्स कंपनीने तो बनवला आणि त्या काळचा नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टनचं नाव त्याला चिकटलं. त्याआधीच्या संचांत राजा कुठला आणि वजीर कुठला, हे लांबून चटकन कळायचं नाही. उंच सोंगट्या धक्का लागला की आडव्या व्हायच्या. स्टॉन्टनच्या आकाराने या दोन्ही तक्रारी मिटवल्या. स्पर्धांत आजही तोच चालतो. तेव्हा पर्यटकांच्या दुकानातले नक्षीदार हत्ती-उंटांचे संच शोकेसमध्ये ठेवा, खेळायला घेऊ नका. इतकं सांगून तो विषय संपवतो.

आता मापं. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या शिफारशीनुसार राजाची उंची साडेनऊ सेंटिमीटर, वजीर साडेआठ, उंट सात, घोडा सहा, हत्ती साडेपाच आणि प्यादं पाच. सोंगटीच्या तळाचा व्यास तिच्या उंचीच्या ४० ते ५० टक्के असावा. पटाचं घर पाच ते सहा सेंटिमीटरचं. पट्टी नसली तरी अडत नाही. पटाच्या एका घरात चार प्यादी दाटीवाटीने, पण बाहेर न सांडता मावतात का ते बघा. मावली तर पट आणि सोंगट्यांचं जमलं म्हणायचं. अनेक घरांत संच चांगला असतो आणि पट भलताच लहान, मग डाव रंगला की सोंगट्या एकमेकींना खेटू लागतात.

हा बघा, माझ्या हातात एक घोडा आहे. जरा पुढे पाठवतो, बघून परत द्या. संचात ३२ सोंगट्या. त्यांतल्या २८ मुख्यतः लेथवर कातून होतात. राजाचा क्रॉस, उंटाची चीर, हत्तीचे कंगोरे ही हातची कामं असतात, पण ती छोटी. चार घोडे मात्र एकेक करून कोरावे लागतात, म्हणून संचाच्या किमतीचा मोठा वाटा त्या चौघांचा असतो. डोकं वेगळं कोरून कातलेल्या तळावर बसवतात. त्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं किंवा सरसाची रेघ दिसली, तर घाईचं काम समजा. दातांमधली, नाकपुडीतली जागा साफ कोरलीय की नुसती रेघ ओढलीय? आयाळीचे पदर दोन्ही बाजूंना सारखे आहेत का? मग चारही घोडे एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून ठेवा. ते भावंडं दिसायला हवेत. एक उंदरासारखा नि दुसरा गाढवासारखा दिसत असेल, तर कारागिराला दिवसात किती घोडे उरकायला लावले असतील, याचा अंदाज येतो. कानाच्या टोकाची जाडीही बघा, कारण संच पडला की आधी तुटतात ते कान. मी स्वतः घोडा आवडला नाही तर बाकीचा संच बघतच नाही.

आपण चितारआळीच्या, म्हणजे लाकडी खेळणी बनवणाऱ्यांच्या आळीच्या गावात बसलोय, त्यामुळे कोणीतरी विचारणारच की सोंगट्या इथेच का बनवून घेऊ नयेत. जरूर घ्या, कातकाम आपल्याकडे आहेच. पण लाकडाचं आधी बोलून घ्या. खेळण्यांसाठी वापरतात तो पांगारा हलका आणि मऊ. खेळण्यातली फळं बनवायला उत्तम, पण हत्तीचे कंगोरे त्यात टिकणार नाहीत. सोंगटीला घट्ट रेषेचं, जड लाकूड लागतं. पांढऱ्या बाजूला 'बॉक्सवुड' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा युरोपातलं खरं बॉक्सवुड नसतं, आपल्याकडचंच एखादं फिकट, बारीक पोताचं लाकूड असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त बॉक्सवुडचे पैसे मोजू नका. काळ्या बाजूला शिसम म्हणतात ती उत्तरेकडची शिसू. आपल्या जुन्या घरांतल्या शिसवी खांबांचा शिसव तिचाच भाऊबंद, पण रंगाने गडद. आबनूस, म्हणजे एबनीचं काळं लाकूड, महाग, म्हणून पांढऱ्याच लाकडाला काळा रंग देऊन 'एबोनाइज्ड' या नावाने विकतात. तेही चालेल, पण ते आबनुसाच्या भावात घेऊ नका. पांढरा रुमाल किंचित ओला करून तळाजवळ घासा. रुमाल काळा झाला, तर पावसाळ्यात घामेजल्या बोटांनाही तो रंग लागणार.

आता वजन. तळात लोखंडाचा किंवा शिशाचा तुकडा बसवून वर बनात, म्हणजे मऊ लोकरी कापड, चिकटवतात. जाहिरातीतल्या 'डबल वेटेड', 'ट्रिपल वेटेड' या शब्दांना ठरलेलं माप नाही. वजन ग्रॅममध्ये विचारा. सोंगटी कानाशी धरून हलवा. आत खुळखुळलं तर ठेवून द्या.

याच तळाशी कोकणाचा प्रश्न येतो. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि तेही मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने. सोंगटीत रेषा उभ्या असतात, म्हणून उंची जवळपास तेवढीच राहते आणि जाडी बदलते. आतलं धातू मात्र आकसत नाही. नीट न वाळवलेलं लाकूड पुढे कोरड्या हवेत गेलं, की धातूभोवती ताणलं जाऊन तडकतं. सगळ्यांत जाड म्हणून राजा-वजीर आधी तडकतात. पावसात घेतलेला संच मुंबईच्या एसी फ्लॅटमध्ये नेला की हेच होतं. म्हणून लाकूड किती काळ वाळवलं, हे विचारायचं. उत्तर गुळमुळीत आलं, तर निदान तळाकडून वर जाणारी केसासारखी चीर आहे का, ते उजेडात बघून घ्या.

पटाबद्दल माझं मत काही जणांना पटणार नाही. अखंड लाकडी पट आपल्या हवेत वाकतो. स्वस्तातल्या पटात प्लायऐवजी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा असतो, त्याला पाणी लागलं की कडा फुगून पापुद्रे सुटतात. माझ्या मते सोंगट्या लाकडी घ्याव्यात आणि पट व्हिनाइलचा, गुंडाळता येणारा. दिसायला साधा आहे खरा, पण फडक्याने पुसता येतो. लाकडीच हवा असेल, तर प्लायवर व्हिनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवलेला घ्या, आणि चकाकी नको. चकचकीत पॉलिशवर ट्यूबलाइट डोळ्यांत येते. फिडेही चमक टाळायलाच सांगते.

पावसाळ्यात सोंगट्या प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नका, बुरशी येते. आली तर कोरड्या फडक्याने पुसा आणि मेणाचा पातळ हात द्या. उन्हात वाळत घालू नका. पेटीत बारीक पिठासारखी भुकटी आणि सोंगटीवर टाचणीएवढी भोकं दिसली, तर तो भुंगा. ती सोंगटी ताबडतोब वेगळी काढा, नाहीतर शेजारणींनाही लागेल.

एका आजींनी मघाशी विचारलं, 'माझो नातू सात वर्षांचो आसा. तेका लाकडी संच घेवचो काय?' आजी, आत्ता नका घेऊ. त्याला वजनदार प्लास्टिकचा, स्पर्धेच्या मापाचा संच द्या. तो फेकेल, चावेल, घोडा हरवेल, बिघडत नाही. उरलेल्या पैशांत दोन-तीन स्पर्धांची प्रवेश फी होईल. पुढे खेळत राहिला, तर लाकडी संच त्यालाच निवडू द्या. फक्त त्या वेळी दोन जादा वजीर असलेला संच बघा, म्हणजे ३४ सोंगट्यांचा. प्यादं शेवटच्या घरात पोचून त्याचा वजीर झाला की हत्ती उलटा ठेवून वजीर म्हणायची सवय स्पर्धेत चालत नाही. उलटा हत्ती तिथे हत्तीच धरतात.