माळ्यावरच्या कॅसेटी

(पडद्यावर: कॅसेट डेक, फिरणारी दोन चाकं.)

नव्वदच्या दशकात नाशकातल्या कॉलेजच्या पोरांना रॉक ऐकायचं तर वाटा मोजक्याच होत्या. मित्राकडून कॅसेट भरून घ्यायची, नाहीतर पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची. तिथं धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा.

मुंबईच्या 'रॉक मशीन' या बँडचं नाव १९९३ साली 'इंडस क्रीड' झालं, १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. १९९३ मध्येच अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे रॉक संगीताचं मासिक निघू लागलं. नाव झालेले बँड आजही सापडतात. प्रश्न आहे तो एखादीच कॅसेट काढून पांगलेल्यांचा.

चांगलं संगीत असेल तर ते स्ट्रीमिंगवर असणारच, असं अनेकांना वाटतं. मला हे अजिबात पटत नाही. तिथं येतं ते ज्याचे हक्क सांगायला कुणीतरी जागेवर आहे तेच. अमेरिकेत १९९१ मध्ये 'निर्वाणा' हा बँड गाजल्यावर रेकॉर्ड कंपन्यांनी तशाच, मुख्य प्रवाहाबाहेरच्या 'अल्टरनेटिव्ह' बँडना धडाधड करारबद्ध केलं, खप नाही म्हणून सोडूनही दिलं. पुढे कंपन्याच एकमेकींत मिसळल्या. १९९८ मध्ये पॉलिग्राम ही बडी कंपनी युनिव्हर्सलकडे गेली. मग परवानगी मागायची कुणाकडे? आणि इंटरनेटवर चढवलं की वाचलं, असंही नाही. सर्व्हर बदलताना जुनी गाणी गेल्याचं मायस्पेस या सोशल नेटवर्कनं २०१९ मध्ये मान्य केलं.

म्हणून माळ्यावरची कॅसेटींची पिशवी खाली काढून ती गाणी कॉम्प्युटरवर उतरवायला हवीत.

(पडद्यावर: टेपचा अगदी जवळून शॉट.)

ही टेप ३.८१ मिलिमीटर रुंद. नाशिकची हवा मुंबईपेक्षा कोरडी, तरी पावसाळ्यात बंद पिशवीत बुरशी धरते. टेपवर पांढरी भुकटी दिसली तर कॅसेट डेकमध्ये घालायची नाही, आधी साफ करायची. टेप हेडवर दाबून धरणारा आतला फेल्टचा तुकडा निखळला असेल तर नवा बसवायचा. मग अझिमथ, म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडचा कोन. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवत ऐकत राहायचं, ड्रमसेटमधल्या सिंबलचा (झांजेचा) आवाज लख्ख होईपर्यंत. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि इथं हरवलेला वरच्या पट्टीतला आवाज नंतर कुठलंही सॉफ्टवेअर नीट परत आणत नाही.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला. साठवण फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या फाइलप्रकारात, कारण एमपीथ्री आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतं. खरखर काढायची तर वेगळ्या प्रतीवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही. आणि इनले कार्ड, म्हणजे कॅसेटच्या डबीतला छापील कागद, स्कॅन करायचंच. बेस कुणी वाजवला, रेकॉर्डिंग कुठल्या स्टुडिओत झालं, हे पुष्कळदा तेवढ्या कागदावरच असतं.

(पडद्यावर: पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक.)

या शहराला असा तोटा ठाऊक आहे. दादासाहेब फाळके इथले, त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा आज आपल्यापाशी अखंड नाही.

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९९५ चा अल्बम २०५५ अखेरपर्यंत संरक्षित आहे. त्यामुळे प्रत जपून ठेवणं वेगळं आणि ती सगळ्यांसाठी खुली करणं वेगळं. इनलेवरची नावं घेऊन आधी त्या माणसांना शोधा. परवानगी मागा, आणि मास्टर टेप, म्हणजे स्टुडिओतली मूळ टेप, कुणाच्या घरी आहे तेही विचारा.