दोन सेटची आघाडी आणि उरलेला सामना

श्रोतेहो, नमस्कार.

टेनिसच्या सामन्याला घड्याळ नसतं. फुटबॉलमध्ये दोन गोलांनी पुढे असलेला संघ वेळ काढू शकतो. टेनिसमध्ये गुणांचे गेम आणि गेमचे सेट होतात, आणि दोन सेट जिंकून तिसऱ्यात 5-0 अशी आघाडी असली, तरी शेवटचा गुण स्वतः जिंकावाच लागतो. म्हणून लांबलेल्या सामन्यात आघाडी राखणं आणि पिछाडी भरून काढणं ही दोन वेगवेगळी कौशल्यं आहेत. पुढे असलेल्याने आपला खेळ बदलायचा नसतो. मागे पडलेल्याने मात्र काहीतरी बदलावंच लागतं.

आधी आघाडी म्हणजे नेमकं काय ते पाहू. फलकावर 4-1 दिसतं, पण अव्वल खेळाडू मनात ब्रेक मोजत असतो. दोघं आळीपाळीने एकेक गेम सर्व्हिस करतात; प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकणं म्हणजे ब्रेक. ज्याने सेटची पहिली सर्व्हिस केली, त्याची 4-1 ही आघाडी फक्त एका ब्रेकची असते. प्रतिस्पर्ध्याने सर्व्हिस आधी केली असेल, तर तीच 4-1 दोन ब्रेकची ठरते. पहिल्या स्थितीत स्वतःची सर्व्हिस एकदा गमावली की आघाडी संपली. दुसऱ्या स्थितीत एक चूक पचते.

पचते, पण कागदावर. 1993च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात याना नोवोत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये 4-1ने पुढे होती, सर्व्हिस तिची होती आणि गेममध्ये 40-30 होते, म्हणजे गेम एका गुणावर आला होता. तिथे तिची डबल फॉल्ट झाली, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी चुकून गुण गेला, आणि पुढे तो गेमही गेला. तरीही ती एका ब्रेकने पुढेच होती! पण पुढचे सगळे गेम ग्राफने घेतले आणि सेट 6-4 असा जिंकला.

असं का होतं? याचं उत्तर बऱ्याच अंशी हातात आहे. ताण आला की रॅकेटवरची पकड घट्ट होते, मनगट आणि दंड आखडतात, रॅकेट सावकाश फिरते. चेंडूला टॉपस्पिन, म्हणजे त्याला लवकर खाली आणणारी पुढच्या दिशेची फिरकी, कमी मिळतो आणि तो कोर्टच्या मध्यावर, प्रतिस्पर्ध्याच्या सोयीच्या जागी पडतो. दुसऱ्या सर्व्हिसवर तर हे फारच महागात पडतं. ती सर्व्हिस चौकटीत उतरते फिरकीमुळे, आणि फिरकी येते रॅकेटच्या वेगातून. सुरक्षित खेळावं म्हणून हात हळू फिरवला, की फिरकी जाते आणि चेंडू जाळीत अडकतो किंवा रेषेबाहेर जातो. जपून खेळण्याच्या नादातच डबल फॉल्ट होते.

यावरचा उपाय ऐकायला साधा आहे: वेग तोच ठेवायचा आणि लक्ष्य मोठं करायचं. जाळी खांबांजवळ 1.07 मीटर उंच असते, मध्यभागी 0.914 मीटर. तिरका फटका जाळीच्या या खालच्या भागावरून जातो, शिवाय एकेरीच्या कोर्टची कर्णरेषा सरळ रेषेपेक्षा साडेचार फुटांनी लांब पडते. त्यामुळे पूर्ण ताकदीने मारलेला तिरका फटकाही बाहेर जाण्याची भीती कमी. मोठे खेळाडू आघाडीवर असताना रेषेवर नेम धरत नाहीत, रेषेच्या चांगलं हातभर आत मारतात. मात्र हात मोकळा फिरू देतात.

आता पिछाडीवरचा खेळाडू. 2022च्या ऑस्ट्रेलियन ओपन अंतिम सामन्यात राफेल नदाल डॅनिल मेदवेदेवविरुद्ध पहिले दोन सेट हरला होता. तिसऱ्यात 2-3, सर्व्हिस नदालची आणि गुण 0-40, म्हणजे आणखी एक गुण गेला की गेम गेला. अशा वेळी पूर्ण सामन्याचा विचार केला तर पाय गळतात. नदालने तो एक गेम वाचवला. बॅकहँड स्लाइस (उलट्या फिरकीचा, खाली राहणारा फटका) आणि ड्रॉप शॉट (जाळीजवळ अलगद टाकलेला चेंडू) यांनी तो मेदवेदेवची लय तोडत, त्याला खाली वाकायला आणि पुढे धावायला लावत राहिला. पाचव्या सेटमध्ये 5-4 आणि 30-0 असताना त्याने स्वतःची सर्व्हिस गमावली. मला त्या सामन्यातला सर्वांत मोठा क्षण त्यानंतरचा वाटतो: लगेच पुढच्या गेममध्ये त्याने मेदवेदेवची सर्व्हिस भेदली आणि एकही गुण न देता सामना संपवला. 5 तास 24 मिनिटं चाललेला सामना!

बदल एका वेळी एकच करायचा असतो. परतीच्या फटक्यासाठी दोन-तीन पावलं मागे उभं राहायचं, किंवा सर्व्हिस कोपऱ्याऐवजी अंगावर टाकायची, किंवा रॅली लांबवून समोरच्याचे पाय तपासायचे. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कोणती लागू पडली ते कळत नाही.

सेट हातचा गेल्यावरही हिशोब उरतो. समजा तुम्ही 1-5ने मागे आहात आणि सर्व्हिस तुमची आहे. हा गेम गमावला तर सेट 1-6 आणि पुढच्या सेटची पहिली सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याची. हाच गेम राखून 2-6 हरलात, तर पुढच्या सेटमध्ये पहिली सर्व्हिस तुमची. मग दोघंही सर्व्हिस राखत गेले तरी दर वेळी बरोबरी साधायचं ओझं त्याच्यावर.

विश्रांतीचेही नियम ठाऊक हवेत. बाजू बदलताना 90 सेकंद, दोन सेटच्या मध्ये 120 सेकंद, सेटच्या पहिल्या गेमनंतर बसायला मिळत नाही. स्नायूंना गोळे आले तर वैद्यकीय वेळ मागता येत नाही, बाजू बदलतानाच काय ते उपचार. म्हणून पाणी आणि क्षार पहिल्या सेटपासून घ्यायचे.

गुण किती मिळवले यापेक्षा कुठे मिळवले, हे अशा सामन्यांत निर्णायक ठरतं. 2019च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात रॉजर फेडररने 218 गुण मिळवले, नोव्हाक जोकोविचने 204. पाचव्या सेटमध्ये 8-7, 40-15 असे दोन मॅच पॉइंट, म्हणजे सामना जिंकून देऊ शकणारे गुण, फेडररच्या सर्व्हिसवर होते. जिंकला जोकोविच, कारण तिन्ही टायब्रेक, म्हणजे गेम बरोबरीत आल्यावर सेटचा निकाल लावणारे जादा गेम, त्याने घेतले.

2025च्या फ्रेंच ओपन अंतिम सामन्यातही यानिक सिनरचे 193 गुण आणि कार्लोस अल्काराझचे 192. चौथ्या सेटमध्ये अल्काराझ 3-5, 0-40 असा मागे होता, म्हणजे सिनरला सलग तीन मॅच पॉइंट. ते वाचवून त्याने सेट टायब्रेकमध्ये घेतला. पाचव्यात 5-4 असताना त्याचीच सर्व्हिस भेदली गेली आणि सामना पुन्हा टायब्रेकवर आला. 2022पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये निर्णायक सेट 6-6 झाला की 10 गुणांचा टायब्रेक होतो. त्यात अल्काराझ 7-0ने पुढे गेला. साडेपाच तास होत आले होते. एवढ्या आघाडीवर कोणीही चेंडू नुसता कोर्टात ठेवला असता. अल्काराझचा हात मोकळाच फिरत राहिला. टायब्रेक 10-2 असा संपला, तोही त्याने धावत जाऊन रेषेलगत मारलेल्या फोरहँडवर.