बूट बरोबर बसले, बाबा

बसा, बसा, मागे अजून जागा आहे. तर मला विषय दिलाय परदेशात काढलेला नाताळ. समोर बसलेल्यांपैकी चार-पाच जणांची मिशनची पत्रं आलीत, कुणाचा तर व्हिसाही झालाय असं कळलं, म्हणून मी मुख्यतः तुमच्याशीच बोलणार आहे, बाकीच्यांनी सोबत ऐकावं.

जे आज पहिल्यांदा आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमची मंडळी म्हणजे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. आमच्याकडे तरुण मुलं 2 वर्षं आणि मुली दीड वर्ष मिशनवर, म्हणजे दारोदार जाऊन येशूची शिकवण सांगायला, जातात, मुलांना 18 पूर्ण लागतात. पगार नाही, उलट खर्च आपला आणि घरच्यांचा. देश आपण निवडत नाही, पत्र उघडलं की कळतं. एकट्यानं राहायचं नाही, एक जोडीदार असतो, त्याला कंपॅनियन म्हणतात, फिरणं, जेवण, अभ्यास सगळं त्याच्यासोबत, आणि दर 6 आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. आता सगळ्यात महत्त्वाचं. मी गेलो तेव्हा, म्हणजे 2017 मध्ये, घरी फोन वर्षातून फक्त दोनदा करता यायचा, मदर्स डेला आणि नाताळाला. बाकी आठवड्यातून एकदा ईमेल. तुमच्यासाठी हे आता राहिलेलं नाही, पण मी जे सांगणार आहे ते या दोन फोनशिवाय कळणार नाही.

माझ्या पत्रात फिलिपिन्स होतं. मनिलामध्ये सहा आठवडे ट्रेनिंग, तागालोग भाषा शिकायची, आणि मग थेट लगुना प्रांतात सान पाब्लो. सात तळ्यांचं शहर म्हणतात त्याला, जुन्या ज्वालामुखींच्या खड्ड्यांत पाणी साठून झालेली तळी, सगळीकडे नारळ. सगळ्यात मोठं साम्पालोक तळं, त्याच्या कडेनं आम्ही रोज चालायचो. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, त्यावर एल्डर, म्हणजे मिशनवरच्या मुलांना लावतात ती पदवी, आणि आडनाव. कुणाच्या दाराशी गेलं की तिथं हाक मारतात 'ताओ पो'. ताओ म्हणजे माणूस, आणि पो म्हणजे आदर. म्हणजे तुम्ही दारात उभं राहून म्हणता, माणूस आलाय जी. मला ही हाक फार आवडायची. अजून आवडते.

तिथला नाताळ सप्टेंबरमध्ये सुरू होतो. खरंच सांगतो. ज्या चार महिन्यांच्या नावाच्या शेवटी 'बर' येतं ते चारही महिने नाताळाचे, त्यांना बर मंथ्स म्हणतात, 1 सप्टेंबर उजाडला की दुकानातल्या स्पीकरवर गाणी सुरू, आणि मग हळूहळू घराघरावर पारोल लागतात. पारोल म्हणजे बांबूच्या कामट्यांचा आणि पातळ रंगीत कागदाचा पाच टोकांचा तारा, बेथलेहेमचा तारा तो. श्रीमंताच्या घरावर कॅपिझ शिंपल्यांचा असतो, आतला दिवा रंग बदलत राहतो, आणि पत्र्याच्या घरावर शाळेत पोरानं केलेला, पण असतोच.

सगळ्यांना वाटतं की घरची आठवण 25 तारखेला येते. मला ती यायची रोज संध्याकाळी साडेपाच वाजता, जेव्हा हे तारे लागायचे आणि लोक आत असायचे आणि आम्ही बाहेर. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, रोज. तुम्हाला कुणी सांगितलं ना की कामात बुडून जा, आठवण येणार नाही, तर ते अर्धंच खरं आहे. मी बुडालो होतो कामात. तरी यायची.

16 डिसेंबरपासून सिमबांग गाबी. नऊ दिवस रोज पहाटेची मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली उपासना, 24 पर्यंत. देशात जवळजवळ 80 टक्के लोक कॅथलिक आहेत, स्पॅनिश लोकांनी तीनशेच्या वर वर्षं राज्य केलं तिथं, आणि शेतावर जाण्याआधी लोकांना मिस्साला येता यावं म्हणून पहाटेची वेळ धरली असं सांगतात. आमची उठायची वेळ साडेसहाची. पण चारच्या आधीच गल्लीतून चपलांचे आवाज यायला लागायचे, शेकडो चपला, मध्येच एखादं झोपाळलेलं पोर, मग घंटा. मी अंथरुणात पडून ऐकायचो. आम्ही काही त्या चर्चचे नव्हतो, पण त्या घंटेनं मला कधी परकं वाटलं नाही, उलट इतके लोक अंधारात उठून येशूसाठी चालत निघालेत हे ऐकूनच बरं वाटायचं. सकाळी बाहेर पडलो की बिबिंगका विकणारी बाई हात धुत असायची. खाली निखारे, वर निखारे, मध्ये केळीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा केक. ती एक तुकडा ठेवायची आमच्यासाठी. सोबत आल्याचा गरम सालाबात.

आता ते घर. तळ्याच्या बाजूला, आमच्या खोलीपासून पाचव्या दारी. आजी, तिला सगळे लोला म्हणायचे, सून, आणि दोन मुलं, मोठा नऊ वर्षांचा आणि धाकटा पाच. बाप सौदीत, रियाधजवळ बांधकामावर, तीन वर्षं झाली होती जाऊन. तुम्ही म्हणाल एखादं घर असं असणारच. एखादं नाही. 2018 च्या सरकारी पाहणीत परदेशात काम करणारे फिलिपिनो 23 लाख होते आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या सौदीत. आम्ही ज्या गल्लीत राहायचो तिथं मी एकदा मनातल्या मनात मोजलं, अकरा घरं, सहा घरांतलं कुणी ना कुणी बाहेर. कुणाची आई हाँगकाँगमध्ये दुसऱ्याची मुलं सांभाळते, कुणाचा मुलगा जहाजावर.

हे मोजेपर्यंत मला वाटायचं की या देशात घरापासून लांब असलेला मीच.

परदेशातली माणसं घरी पेटी पाठवतात, बालिकबायान बॉक्स, कमरेएवढा मोठा पुठ्ठ्याचा खोका. तो समुद्रातून येतो, महिना दोन महिने लागतात, म्हणून नाताळाची पेटी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरायला घेतात. साबण, टॉवेल, कॉर्न्ड बीफचे डबे, चॉकलेटं, खेळणी. लोलानं जुलैमध्ये दोन्ही नातवांचे पाय वहीच्या कागदावर ठेवून पेन्सिलीनं कडा काढल्या होत्या, आणि तो कागद सुट्टीवरून परत निघालेल्या गावातल्याच एका माणसासोबत सौदीला पाठवला होता. बापानं त्या कागदावर ठेवून बूट घेतले. पेटी आली डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. उघडताना त्यांनी आम्हाला बोलावलं. तो वास मी विसरणार नाही, साबण आणि रबर आणि चॉकलेट एकत्र, आणि लोला म्हणाली, हा माझ्या लेकाचा वास.

24 डिसेंबरला मध्यरात्री मिस्सा झाल्यावर सगळं कुटुंब मिळून जेवतं, त्याला नोचे बुएना म्हणतात, वर्षातलं सगळ्यात मोठं जेवण. लोलानं आम्हाला बोलावलं आणि आम्ही सांगितलं की रात्री साडेनऊला आम्हाला आत असावं लागतं, नियम आहे. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी सून निरोप घेऊन आली. नोचे बुएना संध्याकाळी सात वाजता आहे. म्हणजे दोन परक्या पोरांसाठी त्या घरानं मध्यरात्र पाच तास अलीकडे ओढली. आणि बरं, ही मंडळी आमच्या चर्चमध्ये येत नव्हती, पुढेही कधी आली नाहीत, त्यांना त्यात काही मिळणार नव्हतं. मला आजही कुणी विचारलं की मिशनमध्ये काय मिळवलंस तर मी बाप्तिस्म्यांचा आकडा सांगत नाही, हे सात वाजलेले सांगतो.

आम्ही गेलो. पान्सित शेवया होत्या, लुम्पिया म्हणजे तळलेले रोल, लाल मेणातलं गोल चीज. मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला. तिकडे दुपारचे दोन. 2017 साली 24 डिसेंबरला रविवार होता आणि सौदीत रविवार कामाचा दिवस, बाप डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून एका कंटेनरच्या सावलीत उभा होता, जेवणाची सुट्टी संपत आली होती. एकेक जण समोर जाऊन बोलत होता. मोठ्या नातवाची पाळी आली. तो खोलीतून बूट घालून आला, पांढरे, निळा पट्टा. मला दारापाशीच दिसलं की तो टाच टेकत नाहीये. जुलैमधला कागद आणि डिसेंबरमधला पाय. पोराची वाढ कागदावर थांबत नाही ना. अंगठा आत दुमडून तो चालत आला, मोबाइलसमोर उभा राहिला, एक पाय वर करून दाखवला. बापानं विचारलं, बसले का? आणि तो म्हणाला, 'कास्या पो, ताय.' बसले, बाबा. हसत म्हणाला. बाप इतका खूश झाला, त्यानं शेजारच्या कुणाला तरी ओढून दाखवलं, बघ माझा मुलगा, बघ बूट.

फोन संपल्यावर पोरगं पायरीवर जाऊन बसलं आणि बूट काढून बोटं चोळायला लागलं. मी शेजारी बसलो. काही बोललो नाही, तागालोग येत होती पण शब्द नव्हते. थोड्या वेळानं तो धाकट्याचा पाय आपल्या बुटाला लावून बघत होता, अजून किती वर्षं लागतील म्हणून.

परत येताना रस्त्यावर पानुनुलुयान चाललं होतं. मरिया आणि योसेफ झालेली दोन मुलं दारोदार जाऊन गाण्यातून जागा मागतात, आतून गाण्यातूनच नाही म्हणतात, मग पुढचं दार, असं करत चर्चपर्यंत. मी सहा महिने रोज 'ताओ पो' म्हणत दारं वाजवत होतो आणि बरीच बंद राहायची. त्या रात्री मला ती बंद दारं आठवलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोमवार, 25 तारीख, माझा फोन. आमच्या सभागृहात एक लॅपटॉप, स्काईप, 40 मिनिटं. आता हे मी पहिल्यांदाच असं उघड सांगतोय. त्या डिसेंबरात माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात मिशन प्रेसिडेंटना, म्हणजे तिथल्या आमच्या प्रमुखांना, लिहिलेलं पत्र होतं, मला घरी जायचंय म्हणून. दिलं नव्हतं, पण फाडलंही नव्हतं. स्क्रीनवर आई आली, ताई आली, ख्रिसमसचे कपडे घालून. आईनं विचारलं, सगळं ठीक ना रे? आणि मी म्हणालो, मस्त आहे आई, एकदम मस्त. आणि बोलता बोलताच मला तो आवाज ऐकू आला, कास्या पो, ताय. तरी मी तेच रेटलं. बाबा कुठायत विचारलं तर आई म्हणाली, अरे आज ड्यूटी लागली त्यांची. 40 मिनिटं संपली.

पत्र मी फेब्रुवारीत फाडलं. त्याच्यामागे काही चमत्कार नाही, कुणी दर्शन दिलं नाही. त्या गल्लीतल्या सहा घरांत जायला लागलो, एवढंच. धडा शिकवायला असं नाही, नुसतं जायचं, लोलाला पाणी भरून द्यायचं, मुलांचा अभ्यास घ्यायचा. ज्या घरातला माणूस लांब आहे त्या घरात काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण माझ्या घरातला मीच लांब होतो, त्यामुळे मला कळायचं की कुठली खुर्ची कुणाची आहे. तुमच्यापैकी जे जाणार आहेत त्यांना माझं हेच सांगणं आहे की घरची आठवण आली की ती दाबू नका आणि तिची लाजही बाळगू नका, तिला सोबत घेऊन दार वाजवा, ती तुम्हाला बरोबर त्याच घरात नेते.

दुसऱ्या नाताळापर्यंत माझी बदली लुसेनाला झाली होती. डिसेंबर 2018, परत लॅपटॉप, परत 40 मिनिटं. आईनं तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, आई, मागच्या वर्षी मी खोटं बोललो, मला परत यायचं होतं, पत्र लिहून ठेवलं होतं. ती गप्प झाली. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, कळलं होतं रे मला, तू हात खिशातून बाहेरच काढत नव्हतास. आणि थोडं थांबून म्हणाली, मी पण बोलले खोटं. बाबांना ड्यूटी नव्हती. ते आतल्या खोलीत होते, त्यांना स्क्रीनसमोर बसवेना.

मग तिनं हाक मारली. ते आले, बसले, चष्मा पुसला, परत घातला. त्या 40 मिनिटांतली बरीच आम्ही नुसती एकमेकांकडे बघण्यात घालवली, आणि ती मिनिटं वाया गेली असं मला कधीच वाटलं नाही.

15 फेब्रुवारी 2019 ला नियम बदलला, दर आठवड्याला घरी फोन करायची परवानगी आली. पुढच्या सोमवारी मी फोन लावला तर पहिल्या रिंगलाच उचलला, आई नव्हे, बाबा. काय बोलावं सुचेना त्यांना. मग म्हणाले, किती चालता रे रोज तुम्ही, बूट टिकलेत का तुझे?

मी म्हटलं, नाही बाबा. फाटलेत. डाव्याचा तळ पूर्ण गेलाय.